साधना आणि सक्ती

ख्रिस्ती साधनामार्गाविषयी मराठीत लिहायला बसले की पहिली अडचण शब्दाचीच येते. उपवास, मौन, ठरल्या वेळेची प्रार्थना, रोजचे आत्मपरीक्षण या सगळ्यांना मिळून इंग्रजीत जो शब्द रूढ आहे, त्याचे आपण सरळ ‘शिस्त’ असे भाषांतर करून मोकळे होतो. शिस्त म्हटली की छडी आठवते. त्यापेक्षा आपला ‘नेम’ हा शब्द मला जवळचा वाटतो. वारकऱ्याचा नेम चुकला तर त्याला कोणी दंड करत नाही. त्यालाच दिवसभर चुकल्याचुकल्यासारखे होते. ख्रिस्ती परंपरेतल्या जाणत्या साधकांनीही नेमाकडे असेच पाहिले. देवाने जवळ बोलावले आहे, त्या बोलावण्याला ओ देण्याची ही एक रीत. पण बोलावणे आणि हुकूम यांतली रेघ फार पुसट असते. सोळाव्या शतकात ती एका स्पॅनिश माणसाच्या मनात पुसली गेली आणि त्याने ती पुन्हा आखली. पुढे त्याच्याच संघाची माणसे गोव्यातल्या साष्टीत आली तेव्हा ती राज्यसत्तेच्या हातून पुन्हा पुसली गेली. त्या दोन घटनांमधला धागा हा या लेखाचा विषय आहे.

इग्नेशियस लोयोला हा मूळचा शिपाईगडी. मे १५२१मध्ये पाम्प्लोनाच्या लढाईत तोफगोळ्याने त्याचा पाय मोडला. अंथरुणावर वाचायला शौर्यकथा मागितल्या, तर घरात होते फक्त ख्रिस्तचरित्र आणि संतांच्या कथा. त्या वाचून तो पेटला, आणि बरा झाल्यावर मान्रेसा या गावी जाऊन राहिला. तिथे त्याने जे आरंभले, ते शिपायाला साजेसेच होते. रोज सात तास प्रार्थना. केस आणि नखे वाढू दिली, कारण पूर्वी त्यांचा फार अभिमान होता. भिक्षेचे अन्न. जणू संतांशी त्याची पैज लागली होती. परिणाम असा झाला की आपली पापे नीट कबूल झाली की नाहीत, या शंकेने त्याला घेरले. ती इतकी वाढली की जीव देण्याचे विचार येऊ लागले. मग देवाने शांती द्यावी म्हणून त्याने अन्नपाणीच सोडले. आठवडा असाच गेला. शेवटी त्याच्या पापनिवेदन ऐकणाऱ्या गुरूने त्याला जेवायची आज्ञा केली आणि तो जेवला.

उतारवयात त्याने ही हकीकत एका सहकाऱ्याला सांगितली तेव्हा स्वतःचा उल्लेख ‘यात्रेकरू’ असा तृतीयपुरुषी केला, आणि त्या काळात देव आपल्याला पंतोजी मुलाला शिकवतो तसा शिकवत होता असे म्हटले. मला या हकीकतीतला एक बारीक तपशील फार बोलका वाटतो. मन निवल्यावर त्याने केस आणि नखे कापली. उग्र तप सोडणे हीदेखील साधनेतली पायरी असू शकते, हे त्याला त्या दिवशी कळले असावे.

मान्रेसातल्या अनुभवांतूनच ‘आध्यात्मिक साधना’ ही त्याची पुस्तिका आकाराला आली. १५४८मध्ये तिसऱ्या पॉल पोपने तिला मान्यता दिली. चार ‘आठवड्यां’ची ही साधना: आधी स्वतःच्या पापांचे भान, मग ख्रिस्ताचे जीवन, मग त्याचे दुःखभोग, शेवटी पुनरुत्थान. ध्यानाची रीत मोठी चित्रमय आहे. प्रसंग डोळ्यांपुढे उभा करायचा, वाट किती लांब आहे, गुहा केवढी आहे हे पाहायचे, माणसांचे बोलणे ऐकायचे, आणि शेवटी मित्राने मित्राशी बोलावे तसे ख्रिस्ताशी बोलायचे. पुस्तक मात्र वाचायला रुक्ष आहे. ते वाचण्यासाठी नव्हेच. साधना देणाऱ्यासाठीचे ते टिपण आहे.

त्या देणाऱ्याला सुरुवातीलाच ज्या सूचना केल्या आहेत, त्यांत मला साऱ्या ग्रंथाचे मर्म दिसते. साधकाला एखाद्या व्रताकडे किंवा जीवनमार्गाकडे ढकलू नये. तराजूच्या काट्यासारखे मध्ये राहावे आणि निर्मात्याला त्याच्या माणसाशी थेट व्यवहार करू द्यावा, ही पंधरावी सूचना. वय, शिक्षण, कुवत पाहून ज्याला जेवढे पेलेल तेवढेच द्यावे, ही अठरावी. ज्याला कामाधंद्यातून सवड नाही, त्याला रोज दीड तास पुरे, असे एकोणिसाव्या सूचनेत येते. १५४८मध्ये फ्रान्सिस बोर्जा या सरदाराला लिहिलेल्या पत्रात तर त्याने प्रार्थनेचा आणि तपाचा वेळ निम्म्यावर आणायला सांगितले. सात तासांच्या प्रार्थनेपासून इथवर यायला त्याला पाव शतक लागले.

आणि हे निमंत्रण देणारा माणूस स्वतः सत्तेच्या संशयात सापडला होता. १५२७मध्ये आल्काला येथे, लोकांना साधना शिकवतो म्हणून, त्याला बेचाळीस दिवस कैदेत काढावे लागले. त्याच वर्षी सालामांका येथे पुन्हा कैद झाली.

१५७५मध्ये टॉमस स्टीफन्स नावाचा एक इंग्रज तरुण रोममध्ये या संघात दाखल झाला. संघाच्या घटनेप्रमाणे प्रत्येक नवशिक्याला महिनाभराची ही साधना करावी लागे. २४ ऑक्टोबर १५७९ रोजी तो गोव्यात उतरला. पुढची चार दशके त्याने इथेच काढली, बहुतेक साष्टीत.

ती साष्टी कशी होती? १५६०मध्ये गोव्यात धर्मन्यायालय बसले होते. १५६७मध्ये साष्टीतली देवळे पाडली गेली. ख्रिस्ती नसलेल्यांनी ठरल्या पाळीने प्रवचनाला हजर राहावे, असा सरकारी हुकूम निघाला. जुलै १५८३मध्ये कुंकळ्ळीच्या लोकांनी पाच जेझुइटांना ठार केले. त्यांतला रुडॉल्फ अक्वाव्हिवा अकबराच्या दरबारात राहून आला होता. नंतर गावच्या पुढाऱ्यांना बोलणीसाठी म्हणून असोळणेच्या किल्ल्यात बोलावून मारण्यात आले. यात जेझुइटांचा वाटा काहीच नव्हता असे म्हणता येणार नाही. तराजूच्या काट्याची सूचना पाठ असलेली माणसेच ज्या व्यवस्थेत वावरत होती, तिने पारड्यात तलवार टाकली होती. मिशनच्या इतिहासकारांनी ही विसंगती काळाच्या माथी मारली आहे. मला ते पटत नाही, कारण सक्ती आणि बोलावणे यांतला फरक त्याच काळातल्या माणसाने, त्याच संघाच्या मूळ पुस्तकात, स्वच्छ लिहून ठेवला होता.

या पार्श्वभूमीवर ‘ख्रिस्तपुराण’ पाहावे. १६१६मध्ये रायतूरला ते रोमन लिपीत छापले गेले. सुमारे अकरा हजार ओव्या, दोन भाग, आणि अध्यायांना नाव ‘अवस्वरु’. पहिल्याच अवस्वरात एक स्थानिक ख्रिस्ती पाद्रीला विचारतो, की तुम्ही आमची जुनी पुराणे बंद केलीत, तर त्यांच्या जागी दुसरी का देत नाही? हा प्रश्न साधा नाही. त्यात तक्रार आहे आणि भूकही. हुकुमाने ग्रंथ काढून घेता येतात. पण संध्याकाळी एकत्र बसून ऐकण्याची जी सवय, तिची जागा हुकुमाने भरत नाही. स्टीफन्सने ती सवयच हाताशी धरली. स्वर्गाला त्याने वैकुंठ म्हटले, ख्रिस्ताचे चरित्र ओवीत लावले, रविवारी आणि सणांच्या दिवशी लोकांनी ते ऐकावे अशी योजना केली. ख्रिस्ताचे जीवन प्रसंग-प्रसंगाने डोळ्यांपुढे आणणे ही रोममधली पद्धत आणि पुराणश्रवण ही साष्टीतली पद्धत इथे एक झाली, असे माझे मत आहे. ज्याला जे पेलेल ते द्यावे, ही अठरावी सूचनाही त्याने भाषेच्या बाबतीत पाळली म्हणायला हरकत नाही.

तो स्वतः सत्तेविरुद्ध उभा राहिला, असा मात्र याचा अर्थ नाही. पुराण चर्चच्या परवानगीनेच छापले गेले, आणि मूर्तिपूजेवरची टीका त्यात आहेच. १६१९मध्ये तो वारला. १६४९ आणि १६५४मध्ये पुराण पुन्हा छापले गेले. मग वारे फिरले. १६८४मध्ये व्हाइसरॉयने फर्मान काढले, की तीन वर्षांत लोकांनी देशी भाषा सोडून पोर्तुगीज बोलावे.

छापील तिन्ही आवृत्त्यांची एकही प्रत आजवर सापडलेली नाही. जे. एल. सालढाणा यांनी १९०७मध्ये मंगळूरला पुराणाची आवृत्ती काढली ती हस्तलिखितांवरून. लंडनच्या मार्सडेन संग्रहातली प्रत तर देवनागरीत आहे, आणि तिची भाषाही जास्त संस्कृतप्रचुर आहे. म्हणजे कुणीतरी कुठेतरी बसून या अकरा हजार ओव्या बोरूने उतरवल्या, काहींनी आपल्या लिपीत आणि आपल्या शब्दांत. देशी भाषा सोडा असे सांगणाऱ्या राज्यात हे काम करायला त्यांना कोणाचाही हुकूम नव्हता.