गमावून कमावलेला आवाज

माळ्यावर जुना स्टिरिओ अ‍ॅम्प्लिफायर सापडला, की धूळ झटकून लगेच प्लग लावावासा वाटतो. तो मोह आवरावा. का, हे समजण्यासाठी या यंत्राचा थोडा इतिहास पाहू.

अ‍ॅम्प्लिफायरचे काम सांगायला सोपे आहे. क्षीण विद्युत संकेत त्याचे रूप न बदलता मोठा करायचा. सगळी अडचण आहे ती ‘रूप न बदलता’ या शब्दांत. ली डी फॉरेस्ट यांनी १९०६ साली तीन अग्रांची निर्वात नलिका, म्हणजे व्हॉल्व्ह, बनवली. पुढे तिने संकेत मोठा करता येऊ लागला. पण त्यात ती स्वतःची विकृतीही मिसळे. लांब पल्ल्याच्या टेलिफोनमार्गावर असे अनेक अ‍ॅम्प्लिफायर एकापुढे एक असत आणि प्रत्येकाची विकृती साठत जाई.

२ ऑगस्ट १९२७ च्या सकाळी बेल प्रयोगशाळेतील २९ वर्षांचे अभियंते हॅरॉल्ड ब्लॅक फेरीबोटीने हडसन नदी ओलांडून कामावर निघाले होते. वाटेत त्यांना उत्तर सुचले आणि हातातल्या ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या पानावरच त्यांनी ते लिहून काढले. बाहेर पडणाऱ्या संकेताचा लहानसा भाग उलटा करून पुन्हा आत पाठवायचा! नलिकेने घातलेली भर अशी उलटी होऊन परत येते आणि स्वतःलाच बरीचशी खोडते. हाच ‘ऋण फीडबॅक’. त्याची किंमत मात्र मोजावी लागते. १०,००० पट प्रवर्धन १०० पटींवर आणले, तर ५ टक्के विकृती सुमारे ०.०५ टक्क्यांवर येते. मिळवलेले प्रवर्धन मुद्दाम गमावण्याची ही कल्पना पचायला जड होती. पेटंटसाठी १९२८ साली केलेला अर्ज १९३७ साली मंजूर झाला.

टेलिफोनसाठी शोधलेली ही युक्ती लवकरच घरातल्या संगीतापर्यंत पोचली. १९४७ साली डी. टी. एन. विल्यमसन यांनी ‘वायरलेस वर्ल्ड’ या ब्रिटिश मासिकात १५ वॅटच्या अ‍ॅम्प्लिफायरची रचना दिली. त्याची विकृती होती जेमतेम ०.१ टक्का. अनेक हौशी मंडळींनी तो घरी बांधला. १९५८ च्या सुमारास स्टिरिओ तबकड्या बाजारात आल्या आणि एकाच पेटीत दोन सारखे अ‍ॅम्प्लिफायर बसू लागले. पुढे व्हॉल्व्हची जागा ट्रान्झिस्टरने घेतली, तरी ब्लॅक यांची कल्पना टिकून राहिली.

कल्पना म्हातारी होत नाही. पदार्थ मात्र होतात. वीजपुरवठा सपाट करणाऱ्या इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरमध्ये अ‍ॅल्युमिनियमच्या पातळ पत्र्यावरील ऑक्साइडचा थर विसंवाहकाचे काम करतो. आतला द्रव वर्षानुवर्षे सुकत जातो. तापमान १० अंशांनी वाढले, की कपॅसिटरचे आयुष्य ढोबळमानाने निम्मे होते. म्हणून अ‍ॅम्प्लिफायरची झरोके असलेली बाजू कधीही झाकू नये. स्पीकरमधून सतत घुमणारा आवाज येऊ लागला, तर कपॅसिटर सुकल्याचा संशय घ्यावा. आपली वीज ५० हर्ट्‌झची. पूर्ण एकदिशीकरणानंतर हा घुमारा १०० हर्ट्‌झचा होतो.

यंत्र अनेक वर्षे बंद राहिले, की ऑक्साइडचा थर कमकुवत होतो. एकदम पूर्ण दाब दिल्यास कपॅसिटर तापून फुटू शकतो. म्हणून जाणकार कारागीर आधी तंतूचा बल्ब एकसरीत जोडतो. बल्ब प्रखर पेटून तसाच राहिला, तर आत दोष आहे असे समजावे. पेटी आपण स्वतः उघडू नये. व्हॉल्व्हच्या यंत्रात ३०० ते ४५० व्होल्ट असतात आणि प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये प्राणघातक भार उरू शकतो. व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प्लिफायर स्पीकर न जोडता चालवू नये. ट्रान्झिस्टरच्या अ‍ॅम्प्लिफायरमध्ये स्पीकरच्या तारा एकमेकींना टेकू देऊ नयेत.

एक परीक्षा मात्र पेटी न उघडता वर्गातही करता येते. एकाच बाजूचा आवाज बिघडला असेल, तर यंत्र बंद करून मागच्या डाव्या-उजव्या इनपुट तारांची अदलाबदल करावी आणि ते पुन्हा सुरू करावे. बिघाड दुसऱ्या स्पीकरकडे गेला, तर दोष कुठे असेल? आणि जागचा हलला नाही, तर? उत्तर विद्यार्थ्यांनाच शोधू द्यावे.