रेडिओची पाठ



आजच्या रायगड जिल्ह्याचा, म्हणजे पूर्वीच्या कुलाबा जिल्ह्याचा, विजेशीं जो पहिला उल्लेखनीय संबंध आला तो वीज नसण्यामुळें आला. मुंबईच्या ट्रामगाड्या विजेवर चालविण्याचा बेत ठरला, तेव्हां त्या प्रवाहानें मुंबईच्या कुलाबा वेधशाळेंतील चुंबकीय नोंदी बिघडणार हें स्पष्ट झालें. संचालक नानाभाई मूस यांच्या कारकीर्दींत, १९०४ सालीं, अलिबागेस समुद्रकांठीं नवी चुंबकीय वेधशाळा सुरू झाली. त्याच वर्षीं इंग्लंडांत फ्लेमिंग यांनीं निर्वात नळीचा शोध लावला. आपण जिला पुढें ‘व्हॉल्व्ह’ म्हणूं लागलों ती हीच. या दोन गोष्टींचा परस्परांशीं संबंध कांहीं नाहीं. परंतु विजेवांचूनचा किनारा आणि विजेवरची नळी यांची गांठ पुढें एका लांकडी पेटींत पडली, आणि आजचें भाषण त्या पेटीच्या मागल्या बाजूविषयीं आहे.

खोपोलीचें टाटांचें जलविद्युत् केंद्र १९१५ सालीं आणि भिऱ्याचें १९२७ सालीं सुरू झालें. दोन्ही केंद्रें याच जिल्ह्यांतलीं; पण वीज गेली मुंबईकडे. किनाऱ्यावरचीं बहुतेक गांवें कंदिलांवरच राहिलीं. २३ जुलै १९२७ रोजीं मुंबईचें नभोवाणी-केंद्र सुरू झालें. मध्यम लहरी समुद्रावरून उत्तम जातात. तेव्हां चौल-रेवदंड्याच्या ओसरीवर बसून मुंबईचें गाणें ऐकण्यास निसर्गाची आडकाठी नव्हती. आडकाठी होती ती विजेची, आणि ती बॅटरीवरच्या यंत्रानें दूर केली.

हें यंत्र मोठें लहरी असे. व्हॉल्व्हची तार तापविण्यासाठीं दोन व्होल्टांचा ॲसिडचा संचायक, आणि त्याखेरीज नव्वद-शंभर व्होल्टांची कोरडी बॅटरी. संचायक उतरला कीं तो भरून आणावयाचा. त्यांतलें गंधकाम्ल सांडलें तर धोतरास भोंकें पडत, आणि डोळ्यांत उडालें तर काय होई तें सांगावयास नको. खाऱ्या हवेनें टोंकांवर हिरवट थर चढे, तो खरवडावा लागे. या साऱ्यासाठीं यंत्राची पाठ वारंवार उघडावयाची. नव्वद व्होल्टांचा चटका बसला तर माणूस हात झटकी आणि बहुधा हंसून सोडून देई. कंदिलाची कांच पुसण्याइतकें हें काम अंगवळणीं पडलें. पुढच्या धोक्याचें मूळ माझ्या मतें याच सवयींत आहे.

कारण वीज आली तेव्हां पेटी दिसावयास तशीच राहिली. महाराष्ट्र राज्य वीज मंडळ १९६० सालीं स्थापन झालें व त्यानंतर हळूहळू खेडोपाडीं तारा पोहोंचल्या. शहरांतल्या घरीं नवी वस्तु आली कीं जुनी गांवीं धाडावयाची, ही आपली रीतच आहे. अशा जुन्या रेडिओंपैकीं कांहीं ‘ए.सी.-डी.सी.’ जातीचे असत. दोन्ही प्रकारच्या प्रवाहांवर चालावे म्हणून, आणि स्वस्ताईसाठींहि, त्यांत ट्रान्स्फॉर्मर घालीत नसत. भिंतींतून आलेल्या दोन तारांपैकीं एक सरळ आंतल्या लोखंडी सांगाड्यास जोडलेली असे. दोन पायांची पिन उलट बसली कीं सबंध सांगाडा २३० व्होल्टांवर जिवंत! यंत्र मात्र गातच राहतें. चूक कानांना कळत नाहीं. कारखानदारांना हें पक्कें ठाऊक होतें. म्हणून पेटी लांकडाची किंवा बेकेलाइटची, पाठीला पुठ्ठा, आणि बटणांचे स्क्रू खोल बसवून वर मेण भरलेलें. पण बटण तुटलें, आणि उरलेला धातूचा दांडाच लोक फिरवूं लागले, कीं त्या मेणाचा उपयोग संपला. कांहीं यंत्रांत जादा दाब उतरविण्याचें काम भिंतीकडे जाणारी दोरीच करी. तिच्यांत विरोधाची तार गुंफलेली असे, म्हणून ती गरम होई. ती उगाच लांब आहे असें वाटून एखादा व्यवहारी गृहस्थ ती कापून आंखूड करी, आणि व्हॉल्व्ह जळत. हा गृहस्थ मला फार ओळखीचा वाटतो. प्रत्येक घरांत तो एक असतोच.

गिरगांवांतल्या माडीवर, कोरड्या फळ्यांच्या जमिनीवर उभ्या असलेल्या माणसास जो झटका बसून निभावेल, तोच नुकत्याच सारवलेल्या ओल्या जमिनीवर अनवाणी उभ्या असलेल्याचा प्राण घेऊं शकतो. आणि रेडिओची पेटी ओल्या फडक्यानें पुसणारें माणूस बहुधा रेडिओचा मालक नसे. पेटीवर विणलेला रुमाल, त्यावर फुलदाणी, फुलदाणींत पाणी. रुमालाचा पदर मागें लोंबला म्हणजे उष्णता बाहेर पडण्याचीं भोंकें झांकलीं जात. शोभेपायीं आपण काय काय करतों!

परंतु किनाऱ्यावरचा खास धोका वाडींत होता. एरिअलची लांब तार दोन माडांना बांधण्याइतकी सोयीची जागा दुसरी कोणती? पावसाळ्याच्या तोंडीं व आश्विनांत गडगडाट होई, तेव्हां खटका फिरवून ती तार जमिनीशीं जोडावयाची असे, आणि तें आठवावयाचें असे. याहून सूक्ष्म गोष्ट निराळी आहे. एरिअल आणि सांगाडा यांच्यामध्यें एक लहानसा कंडेन्सर असतो. तो पुष्कळदां कागदाचा व मेणाचा असे. दमट हवेंत कागद ओल धरतो, कंडेन्सर झिरपूं लागतो, आणि सांगाड्यावरची वीज खिडकींतून वाडींत जाते. नारळ पाडावयास चढलेल्या माणसाला चाळीस फुटांवर नुसता चटका बसला तरी पुरे. त्याला मारण्यास विजेची गरज नाहीं; हात सुटला कीं झालें. तो रेडिओ त्यानें घेतलेला नसतो, कदाचित् ऐकलेलाहि नसतो.

मग जबाबदारी कोणाची? वीज पुरविणाऱ्याची मीटरपाशीं थांबते. रेडिओचा परवाना पोस्टांतून मिळे, पण तो यंत्र बाळगण्याचा. पाठीचा पुठ्ठा जागेवर आहे कीं नाहीं हें पाहावयास कोणी येत नसे. कारखानदारानें पुठ्ठा लावून दिला होता. तो काढणारा हात घरांतला होता, आणि विजेनें घात केला असें मागाहून सांगणारें तोंडहि घरांतलेंच.

ट्रान्झिस्टर आला आणि व्हॉल्व्हचीं यंत्रें माळ्यावर गेलीं. ३ जून २०२० रोजीं निसर्ग चक्रीवादळ याच किनाऱ्यावर आदळलें. ज्यांचीं कौलें उडालीं त्यांच्या माळ्यावरचें सामान भिजलें. आजोबांचा रेडिओ हौसेनें खालीं काढून ‘बोलतो का पाहूं’ म्हणून पिन लावणाऱ्यांना माझें सांगणें आहे कीं तसें करूं नका. रबराची तार ठिसूळ झालेली असते, कंडेन्सर निकामी झालेले असतात. जाणत्या कारागिराकडून ते बदलून घ्यावे. पिन काढल्यावरहि मोठ्या कंडेन्सरांत भार शिल्लक राहतो, म्हणून आपण आंत हात घालूं नये. ए.सी.-डी.सी. यंत्र असेल तर तें दुरुस्तीच्या वेळीं वेगळ्या ट्रान्स्फॉर्मरमधूनच चालवावें. आणि वाडींत जुनी तार अजून माडास गुंडाळलेली असेल तर ती प्रथम उतरवावी. माड शेंड्याकडे वाढतो. तार पूर्वीच्याच उंचीवर राहते, आणि चढणाऱ्याचा हात तेथेंच पडतो.