मुले काटक, मग शिक्षक का नाहीत?

कर्जत आणि खालापूर तालुक्यांतल्या वाड्यांवर काम करताना एक वाक्य आमच्या कानावर वारंवार येते : "ठाकर-कातकऱ्यांची पोरं मुळातच काटक, त्यांना कसला व्यायाम शिकवायचा?" बोलणारा कौतुकानेच बोलतो. पण या कौतुकाच्या आड एक जुना अन्याय आहे. ज्यांना शरीराचे शिक्षण नकोच असे ठरवले जाते, त्यांच्यातून ते शिक्षण देणारा शिक्षकही घडू दिला जात नाही. हे कसे झाले, हे इतिहासात पाहिले पाहिजे.

सुरुवात लहुजी वस्ताद साळवे यांच्यापासून करू. पुण्यात गंज पेठेतल्या त्यांच्या तालमीत तरुण जोतीराव फुले दांडपट्टा आणि नेमबाजी शिकले. आमच्या शेजारच्या पनवेल तालुक्यातील शिरढोणचे वासुदेव बळवंत फडके हेही लहुजींचेच शिष्य. मातंग समाजातला एक माणूस सगळ्या जातींच्या तरुणांचा गुरू होता. म्हणजे शरीराचे शिक्षण देण्याची पात्रता आपल्या समाजांत नव्हती, असे कुणी म्हणू शकत नाही. पात्रता होती. पुढे शाळा सरकारी झाल्या, नेमणूक प्रमाणपत्रावर होऊ लागली, आणि वस्ताद शाळेच्या फाटकाबाहेर राहिला.

१८८२ च्या हंटर आयोगाने शाळांत देशी खेळ, कसरत आणि कवायत यांना उत्तेजन द्यावे अशी शिफारस केली. याच आयोगापुढे महात्मा फुल्यांनी निवेदन दिले. प्राथमिक शाळांतले जवळजवळ सगळे शिक्षक ब्राह्मण आहेत, त्यांतले बहुतेक अप्रशिक्षित आहेत, हे त्यांनी आयोगाला सांगितले. शिक्षक शक्यतो कष्टकरी शेतकरी वर्गातून घ्यावेत, त्यांना रीतसर प्रशिक्षण द्यावे, आणि वेळ पडली तर नांगर धरायला ज्याला लाज वाटणार नाही असा तो असावा, ही त्यांची मागणी होती. फुले नुसते 'आमचा माणूस घ्या' म्हणत नव्हते. 'आमच्या माणसाला प्रशिक्षण द्या' म्हणत होते. या दोन वाक्यांतला फरक महत्त्वाचा आहे.

त्या काळी शाळेत कवायत घेणारा मास्तर बहुधा निवृत्त सैनिक असे. १८९० च्या दशकाच्या सुरुवातीला इंग्रज सरकारने महारांची लष्करभरती बंद केली. महाडजवळच्या रावदूळचे निवृत्त हवालदार गोपाळबाबा वलंगकर यांनी त्याविरुद्ध अर्ज तयार केला. भरती बंद होणे म्हणजे फक्त पगार आणि पेन्शन जाणे नव्हते. सुभेदार रामजी सकपाळ लष्करी शाळेत मुख्याध्यापक होते, हे आपण विसरतो. लष्कर ही आपल्या माणसांची शाळा होती आणि शिक्षक होण्याची वाटही होती. ती वाट बंद झाली, तेव्हा कवायत मास्तर होण्याची शक्यताही तिच्याबरोबर गेली.

बाबासाहेबांच्या चळवळीने यावर स्वतःचे उत्तर शोधले. १९२७ च्या महाड सत्याग्रहाच्या काळात समता सैनिक दल उभे राहिले. त्यात निवृत्त महार सैनिकांनी तरुणांना शिस्त आणि संचलन शिकवले. शासनाच्या प्रमाणपत्राशिवाय आपणच आपले शिक्षक झालो.

त्यानंतर दहा वर्षांनी मुंबई सरकारने १९३७ साली स्वामी कुवलयानंदांच्या अध्यक्षतेखाली शारीरिक शिक्षण समिती नेमली, आणि १९३८ साली कांदिवलीला शारीरिक शिक्षण शिक्षकांची प्रशिक्षण संस्था सुरू झाली. कुवलयानंदांचे कैवल्यधाम तर १९२४ पासून लोणावळ्याला, खोपोलीचा घाट चढला की लगेच. कर्जतला रेल्वे १८५६ पासून आहे. म्हणजे अंतर मैलांचे नव्हतेच. प्रशिक्षणाला जायला आधी शाळा शिकलेली असावी लागते, आणि त्याच सुमारास कर्जत तालुक्यात माथेरानचे भाई कोतवाल स्वयंसेवी शाळा काढत फिरत होते, कारण खेड्यांत शाळाच नव्हत्या. २ जानेवारी १९४३ ला सिद्धगडावर कोतवाल आणि हिराजी पाटील हुतात्मा झाले. त्यांचे हौतात्म्य आपण दरवर्षी आठवतो. त्यांनी शाळा का काढल्या, हे फारसे आठवत नाही.

आता आजचे पाहू. बी.पी.एड. पूर्वी एक वर्षाचे होते, राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या २०१४ च्या नियमांनी ते दोन वर्षांचे झाले. त्याआधी पदवी हवी, ठरावीक गुण हवेत, स्पर्धेत खेळल्याचा पुरावा हवा, मग प्रवेश परीक्षा आणि मैदानी चाचणी. अभ्यासक्रम लांबला याला आमचा विरोध नाही. शरीररचना, प्रथमोपचार, आहार, वयाप्रमाणे व्यायाम हे शिकायला वेळ लागतोच. पण वाडीतल्या ज्या मुलीला कुणी तालुक्याच्या स्पर्धेलाही नेले नाही, ती पुरावा कुठून आणणार? दोन वर्षे घरची मजुरी बुडवून ती शहरात कुठे राहणार?

आणि एवढे करून नोकरी कुठे? २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीत सहावी ते आठवीसाठी, तेही पट शंभराच्या वर असेल तर, आरोग्य व शारीरिक शिक्षणाला अंशकालीन निदेशक दिला आहे. पूर्णवेळ शिक्षक नव्हे, अंशकालीन! वाड्यांवरच्या छोट्या शाळा चौथी-पाचवीपर्यंतच्या. म्हणजे ज्यांना 'काटक' म्हणतात, त्यांच्या वाट्याला तो अर्धा माणूसही येत नाही.

काटकपणा हा जन्मजात गुण आहे, असे म्हणणे म्हणजे जातीचाच युक्तिवाद नव्या भाषेत मांडणे आहे. लाकडाची मोळी आणि पाण्याचे हंडे वाहून जे शरीर कष्टते, त्याला व्यायाम झाला असे म्हणत नाहीत. त्या शरीराला योग्य आहार आणि जाणकार शिक्षक सगळ्यांत आधी मिळाला पाहिजे.

म्हणून आमच्या मागण्या साध्या आहेत. रायगड जिल्ह्यात शारीरिक शिक्षणाचे शासकीय प्रशिक्षण वसतिगृहासह हवे. अनुसूचित जाती-जमातींच्या विद्यार्थ्यांना शिष्यवृत्ती प्रवेशाच्या वेळीच मिळावी. आश्रमशाळा आणि वाड्यांच्या शाळा केंद्रावर एकत्र जोडून त्यांना पूर्णवेळ शिक्षक द्यावा, आणि मुलींसाठी शिक्षिका.

फुल्यांनी १८८२ साली मागितलेला तो शिक्षक अजून शाळेत आलेला नाही. तो आमच्याच वाड्यांतून येईल, पण आधी त्याला शिकवावे लागेल.

जय भीम! जय जोती!