मायक्रोनीडलिंगनंतर त्वचेची काळजी कशी घ्यावी? कळसच्या उन्हाधुळीत पहिला आठवडा कसा सांभाळाल?

इन्स्टाग्रामच्या रीलमध्ये मायक्रोनीडलिंग तीस सेकंदांत आटोपतं. आधी मुरुमांच्या खड्ड्यांचा गाल, मग लालबुंद चेहरा आणि लगेच नितळ त्वचा. मधले दिवस त्यात दिसत नाहीत. उपचाराचं यशापयश मात्र बरंचसं त्याच दिवसांत ठरतं.

इंदापूर तालुक्यातल्या कळससारख्या गावातून उपचारासाठी बारामती किंवा पुणे गाठणाऱ्यांसाठी हे दिवस जास्त कसोटीचे असतात. परतीचा प्रवास अनेकदा दुचाकीवरून, डोक्यावर ऊन, रस्त्यावर धूळ. घरी पोचलं की 'जरा हळद लाव' असा सल्लाही मिळतो.

सुया टोचल्यावर त्वचेत काय होतं?

बारीक सुया असलेल्या पेनने किंवा रोलरने त्वचेवर असंख्य सूक्ष्म छिद्रं पाडली जातात. शरीर त्याला जखम समजून दुरुस्ती सुरू करतं आणि नवं कोलॅजेन तयार होतं. खड्डे हळूहळू भरतात ते यामुळे. दक्षिण आफ्रिकेतले प्लास्टिक सर्जन डेझमंड फर्नांडिस यांनी 1990 च्या दशकात यासाठीचा रोलर विकसित केला. अमेरिकेच्या एफडीएने मुरुमांच्या खड्ड्यांसाठी अशा पहिल्या पेनला 2018 मध्ये परवानगी दिली.

ही छिद्रं डोळ्यांना दिसत नाहीत. पण त्वचेचा संरक्षक थर पूर्ववत व्हायला साधारण एक ते तीन दिवस लागतात. एरवी त्वचेच्या वरच राहणारी क्रीम, धूळ किंवा जंतू या काळात आत शिरू शकतात. पुढची सगळी पथ्यं याच एका कारणासाठी आहेत.

पहिले 24 तास काय करावं?

- चेहऱ्याला हात लावू नये. उशीचा अभ्रा आणि टॉवेल धुतलेले असावेत. मोबाइल गालाला टेकवून बोलू नये.
- चेहरा कधी धुवायचा हे डॉक्टरांना विचारून घ्यावं. बोअरच्या किंवा टाकीत साठलेल्या पाण्याऐवजी उकळून गार केलेलं पाणी वापरणं चांगलं.
- डॉक्टरांनी दिलेलं मॉइश्चरायझर सोडून काहीही लावू नये. मेकअप पूर्ण बंद.
- घाम येईल असं काम, व्यायाम, वाफ घेणं आणि पोहणं टाळावं.
- दुखत असेल तर आयब्युप्रोफेनसारखी गोळी मनाने घेऊ नये. सुरुवातीची सूज हा दुरुस्तीचाच भाग असतो, म्हणून बरेच डॉक्टर अशा गोळ्या टाळायला सांगतात. आधीपासून सुरू असलेली औषधं मात्र न विचारता बंद करू नयेत.

घरी परतताना एसटी किंवा चारचाकी मिळाली तर उत्तम. दुचाकीच असेल तर हेल्मेटच्या आत धुतलेला, मऊ सुती स्कार्फ सैल बांधावा. घट्ट बांधलेला, घामाने भिजलेला स्कार्फ ताज्या त्वचेवर घासत राहतो.

दुसऱ्या दिवसापासून आठवडाभर

लाली साधारण एक ते तीन दिवस राहते. नंतर त्वचा कोरडी, खरखरीत लागते आणि बारीक सालं निघतात. ती खरवडू नयेत, स्क्रबही करू नये. रेटिनॉल, सॅलिसिलिक किंवा ग्लायकोलिक ॲसिड, बेन्झॉइल पेरॉक्साइड आणि व्हिटॅमिन सी सीरम किमान आठवडाभर बाजूला ठेवावीत आणि डॉक्टरांनी सांगितल्यावरच पुन्हा सुरू करावीत. ब्लीच, वॅक्सिंग आणि फेशियललाही तोवर सुट्टी. पुरुषांनी लाली पूर्ण उतरेपर्यंत दाढी करू नये.

उन्हाची एवढी भीती का?

भारतीयांच्या सावळ्या-गव्हाळ त्वचेत दाह झाला की रंगद्रव्य जास्त तयार होतं आणि काळे डाग उरतात. उन्हामुळे ते आणखी गडद होतात. मग खड्डे कमी झाले तरी डाग महिनोन्‌महिने रेंगाळतात.

पहिल्या दिवशी सावलीत राहणं हाच मुख्य उपाय. त्यानंतर डॉक्टरांच्या सल्ल्याने झिंक ऑक्साइड असलेलं, एसपीएफ 30 किंवा जास्त असलेलं, बिनवासाचं सनस्क्रीन लावावं. चेहरा आणि मानेसाठी दोन बोटांच्या लांबीइतकं सनस्क्रीन लागतं. बाहेर असताना दर दोन तासांनी ते पुन्हा लावावं. शेतात काम असेल तर फक्त सनस्क्रीनवर विसंबू नये. रुंद काठाची टोपी किंवा डोक्यावरून पुढे ओढलेला पदर हवाच. जमलं तर त्या आठवड्यात दुपारची कामं दुसऱ्यावर सोपवावीत.

हळद, लिंबू, कोरफड चालेल का?

नाही. स्वयंपाकघरातल्या वस्तू निर्जंतुक नसतात आणि इथे त्वचेचा दरवाजा उघडा असतो. लिंबाचा रस लावून उन्हात गेल्यास त्वचा भाजल्यासारखी होऊ शकते. कोरफडीच्या ताज्या चिकानेही खाज आणि पुरळ येऊ शकतं.

महागड्या सीरमनेही हा धोका टळत नाही. मायक्रोनीडलिंगच्या वेळी त्वचेवर लावलेल्या उत्पादनांमुळे तीन महिलांच्या चेहऱ्यावर गाठीसारखं पुरळ उठल्याची नोंद 2014 मध्ये अमेरिकेतल्या त्वचारोग नियतकालिकात प्रसिद्ध झाली होती. त्यात व्हिटॅमिन सी सीरमचाही समावेश होता.

म्हणून लग्न ठरलं असेल तर तारीख हळदीच्या दिवसापासून मागे मोजावी. शेवटचं सेशन आणि हळद यांत किमान चार आठवडे असावेत. यात्रेचा भंडारा, मिरवणुकीचा गुलाल यांनाही हाच हिशेब लावावा.

मेडिकलमधली 'गोरेपणाची' ट्यूब?

अशा अनेक मलमांत स्टेरॉइड असतं. ते लाली पटकन दाबतं, पण वापर लांबला तर त्वचा पातळ होते, मुरूम आणि केस वाढतात. केंद्र सरकारने 2018 मध्ये अशी 14 स्टेरॉइड मलमं डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकण्यावर बंदी घातली. शेजारणीला गुण आला म्हणून तिची ट्यूब आपल्या चेहऱ्यावर नको.

डॉक्टरांना लगेच कधी दाखवावं?

लाली कमी होण्याऐवजी वाढत गेली, पू किंवा पिवळी खपली आली, ताप आला, पाण्याच्या बारीक फोडांचा पुंजका उठला किंवा दुखणं वाढत गेलं तर थांबू नये. ओठांवर वारंवार जर उठत असेल, तर ते उपचाराआधीच सांगावं. नागिणीच्याच कुळातला हा विषाणू सुयांमुळे पुन्हा डोकं वर काढू शकतो.

गावाबाहेरून उपचार घेणाऱ्यांनी निघण्यापूर्वी क्लिनिकचा फोन नंबर आणि लेखी सूचना घ्याव्यात. रोज चेहऱ्याचा एक फोटो, एकाच जागी आणि उजेडात काढून ठेवावा. फोनवर सल्ला घेताना तो कामी येतो.

पुढच्या सेशनआधी एवढं लक्षात ठेवा

सुयांचं कार्ट्रिज नवं असावं आणि आपल्यासमोर उघडलं जावं. अमेरिकेत न्यू मेक्सिकोमधल्या एका विनापरवाना स्पामध्ये 'व्हॅम्पायर फेशियल' घेतलेल्या महिलांना एचआयव्हीची लागण झाल्याचं समोर आलं होतं. त्यामुळे एकच रोलर मैत्रिणींमध्ये फिरवणं किंवा स्वस्त पडतं म्हणून सुया पुन्हा वापरू देणं धोक्याचं आहे.

दोन सेशनमध्ये सहसा चार ते सहा आठवड्यांचं अंतर ठेवतात. कोलॅजेन तयार व्हायला काही महिने लागतात. आठवड्याभरात आरशात फरक दिसला नाही म्हणून चेहऱ्यावर नवं काही लावायला जाऊ नये.