दिनविशेष : २ नोव्हेंबर
१८३४ : 'ॲटलस' जहाज मॉरिशसला पोहोचले

कलकत्त्याहून निघालेले 'ॲटलस' जहाज आजच्या दिवशी पोर्ट लुई बंदराला लागले. त्यात ३६ भारतीय मजूर होते. पाच वर्षांचा करार करून उसाच्या मळ्यांवर राबण्यासाठी आलेले. तीनच महिन्यांनी, १ फेब्रुवारी १८३५ रोजी, बेटावर गुलामगिरी बंद झाली. ब्रिटिश सरकारने मळेवाल्यांना नुकसानभरपाई दिली; गुलामांच्या हाती काहीच पडले नाही. मुक्त झालेल्यांपैकी अनेकांनी मळ्यांकडे पाठ फिरवून किनाऱ्यालगत आणि गावांत वस्ती केली. त्यांची जागा गिरमिटियांनी, म्हणजे अशा करारबद्ध भारतीय मजुरांनी, घेतली. १९२० पर्यंत सुमारे साडेचार लाख भारतीय या बंदरात उतरले.

बहुतेक जण भोजपुरी किंवा तमिळ, तेलुगू भाषक. मुंबईमार्गे कोकण आणि घाटावरची मराठी कुटुंबेही गेली. गणेशचतुर्थीला मॉरिशसमध्ये आजही सार्वजनिक सुटी असते आणि तिथल्या शाळांत मराठी शिकता येते.

डच, फ्रेंच, ब्रिटिश अशा तीन राजवटी बेटाने पाहिल्या. म्हणूनच संसदेत इंग्रजी, वर्तमानपत्रांत फ्रेंच आणि घरात क्रिओल, असा तिथला रिवाज आहे. देश १२ मार्च १९६८ रोजी स्वतंत्र झाला. मात्र त्याआधीच, १९६५ मध्ये, ब्रिटनने चागोस बेटे मॉरिशसपासून तोडली होती. पुढे तिथल्या रहिवाशांना हुसकावून त्यांतल्या दिएगो गार्सिया बेटावर अमेरिकेचा लष्करी तळ उभा राहिला.

मजुरांची नोंद जिथे होई, तो 'आप्रवासी घाट' २००६ पासून जागतिक वारसास्थळ आहे. २ नोव्हेंबरला मॉरिशसमध्ये राष्ट्रीय सुटी असते.