दिनविशेष : २० मार्च

१४७९ : कार्डिनल इप्पोलितो देस्ते यांचा जन्म

इटलीतील फेराराचे ड्यूक पहिले एर्कोले यांचे पुत्र. मावशी बेआत्रिचे हंगेरीची राणी. तिच्या वशिल्याने बालवयातच एस्टरगोमचे आर्चबिशपपद पदरात पडले. १४९३ मध्ये कार्डिनल. १४९७ मध्ये एस्टरगोम देऊन एगरचे बिशपपद घेतले. तेथे मुक्कामाची सक्ती नव्हती. त्याच वर्षी मिलानचे आर्चबिशपपदही मिळाले. उत्पन्न धर्मपीठांचे, ओढा मात्र दरबार, राजकारण आणि रणांगणाकडे. १५०९ मध्ये पोलेसेल्ला येथे पो नदीवर व्हेनिसच्या आरमाराचा धुव्वा उडवला. कवी आरिओस्तो यांनी ‘ओर्लांदो फुरिओसो’ त्यांनाच अर्पण केले. मात्र १५१७ मध्ये त्यांच्यासोबत हंगेरीला जाण्यास नकार दिल्याने कवीला त्यांची चाकरी सोडावी लागली. निधन : सप्टेंबर १५२०.