चाळीपासून घरकुलापर्यंत : सोलापुरातील श्रमिकांच्या घरांची कहाणी

सोलापूरचा इतिहास सांगताना आपण श्री सिद्धरामेश्वरांचे मंदिर, भुईकोट किल्ला, गिरण्यांचे भोंगे आणि १९३० चा मार्शल लॉ यांचा उल्लेख अभिमानाने करतो. तो अभिमान यथार्थच आहे. तथापि या शहरात कापड विणणारे आणि विड्या वळणारे हात रात्री कोणत्या छपराखाली विसावत होते, ते छप्पर त्यांना कोणी दिले व कोणत्या अटीवर दिले, याचा इतिहास क्वचितच लिहिला जातो. स्मरणिकेच्या संपादक मंडळाने लेखाची आज्ञा केली तेव्हा हाच विषय मनात आला. कापडाच्या व्यवसायात आयुष्य गेल्यामुळे या हातांशी आमचा संबंध दुहेरी राहिला. त्यांनी विणलेला माल आम्ही विकला, आणि सणासुदीला लुगडे व परकराचे कापड घ्यायला तीच माणसे आमच्या पेढीची पायरी चढली. उधारीच्या वहीत नावापुढे पत्ता लिहावा लागतो. त्या पत्त्यांचा बदलता क्रम हाच एका अर्थाने या लेखाचा विषय होय.

सोलापुरात १८७७ साली सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनीची गिरणी सुरू झाली. लोक तिला पुढे ‘जुनी मिल’ म्हणू लागले. तिच्या पाठोपाठ नरसिंग गिरजी, विष्णू, लक्ष्मी अशा गिरण्या उभ्या राहिल्या आणि त्यांच्या आसऱ्याने चाळी वसल्या. जुनी मिल चाळ, विष्णू मिल चाळ, एन. जी. मिल चाळ ही नावे आजही पत्त्यात लिहिली जातात. भोंगा ऐकू येईल इतक्या अंतरावर कामगार राहावा, पाळीला उशीर होऊ नये, हा चाळ बांधण्यामागचा हिशेब होता. त्यात परोपकार नव्हताच असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. आपल्या सोलापूरचेच सुपुत्र शेठ वालचंद हिराचंद यांनी इंदापूर तालुक्यात वालचंदनगर वसविले तेव्हा कारखान्याबरोबर कामगारांच्या वस्तीचाही विचार केला, हे सर्वश्रुत आहे. परंतु मालकाने दिलेल्या घराचा एक अंगभूत दोष असतो. ते घर नोकरीला बांधलेले असते. नोकरी गेली की खोलीवरचा हक्क डळमळू लागतो आणि गिरणी बंद पडली तर संपूर्ण चाळीच्याच पायाखालची जमीन सरकते.

ही केवळ कल्पना नव्हे. १९४९ मध्ये जुनी मिल बंद पडली. हजारो कुटुंबांची चूल विझण्याची वेळ आली, तेव्हा १९५० च्या आरंभी केंद्र सरकारने वटहुकूम काढून, व पाठोपाठ कायदा करून, गिरणीचे व्यवस्थापन आपल्या हाती घेतले. त्याविरुद्ध एक भागधारक सर्वोच्च न्यायालयात गेले. चिरंजितलाल चौधरी यांचा तो खटला कायद्याच्या पुस्तकांत ‘शोलापूर मिल केस’ या नावाने आजही शिकविला जातो. भागधारकाच्या मालमत्तेचा हक्क तेथे बारकाईने तपासला गेला. चाळीतील बिऱ्हाडांचा प्रश्न मात्र न्यायालयापुढे नव्हताच. भाडेकरूला भागधारक म्हणत नाहीत. विसावे शतक सरता सरता गिरण्या एकामागून एक थंडावल्या आणि चाळी मागे उरल्या.

गिरणीबाहेरही एक मोठे सोलापूर होते, ते म्हणजे पूर्व भाग. तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांनी हा भाग गजबजविला. त्यांचे घर म्हणजेच कारखाना. पुढच्या खोलीत माग, मागे चूल, आणि रात्री मागाच्या भोवती जागा मिळेल तेथे अंथरूण. सोलापुरी चादरीची कीर्ती देशभर गेली ती अशा खोल्यांतून. पुढे हातमागाची जागा यंत्रमागाने घेतली, खडखडाट वाढला, परंतु जागा वाढली नाही. याच घरांतील स्त्रिया विडी वळत. कारखान्यातून तेंदूची पाने, तंबाखू आणि दोरा आणावयाचा, मांडीवर सूप घेऊन दिवसभर विड्या वळावयाच्या आणि मोजून परत द्यावयाच्या. म्हणजे नवऱ्याचे काम एका कोपऱ्यात व पत्नीचे दुसऱ्या कोपऱ्यात, आणि तंबाखूची धूळ मात्र तान्ह्या बाळासकट सर्वांच्या वाट्याला. घरभाडे घरमालकाला द्यावयाचे, आणि त्याच घरात कारखानदाराचे काम विनाभाडे करावयाचे. वाणिज्य शाखेचा विद्यार्थी म्हणून मला हा हिशेब नेहमी उलटा वाटत आला आहे. कारखान्याच्या जागेचा खर्च येथे कामगाराच्या खात्यावर पडतो आणि मजुरीच्या दरात तो कोठेही दिसत नाही.

स्वातंत्र्यानंतर शासनाने घरबांधणीत लक्ष घातले. मुंबई राज्यात १९४८ च्या कायद्याने हौसिंग बोर्ड आले. १९५२ मध्ये औद्योगिक कामगारांसाठी अनुदानित गृहयोजना, १९५४ मध्ये अल्प उत्पन्न गटाची योजना आणि १९५९ मध्ये मध्यम उत्पन्न गटाची योजना सुरू झाली. उत्पन्नाची मर्यादा घालून घर देण्याची पद्धत अशा प्रकारे रुजली. १९५४ च्या योजनेत वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ६,००० रुपये होती. २०१५ साली आलेल्या प्रधानमंत्री आवास योजनेत अल्प उत्पन्न गटाची वरची मर्यादा ६ लाख रुपये ठरली. एकसष्ट वर्षांत बरोबर शंभरपट! योगायोग असेल, परंतु रुपयाची कहाणी एवढ्या थोडक्यात दुसरीकडे सापडणार नाही.

या योजनांचा लाभ सोलापूरच्या विडी कामगार स्त्रीला सहज मिळणे कठीण होते. १९५२ ची योजना कारखाना कायद्याखालील कामगारांसाठी होती आणि ही तर घरात बसून काम करणारी. उत्पन्न कमी आहे हे डोळ्यांना दिसत होते, पण कागदावर दिसत नव्हते. पगारपत्रक नाही, हजेरीपट नाही. तिचा कागद तयार झाला तो हळूहळू. १९६६ चा विडी व सिगार कामगार कायदा आला, १९७६ मध्ये कल्याण निधीचे कायदे झाले, १९७७ मध्ये भविष्य निर्वाह निधी लागू झाला. ओळखपत्र आणि फंडाचा क्रमांक हातात आल्यावर ती सरकारदरबारी ‘कामगार’ ठरली. यंत्रमागावर काम करणाऱ्या तिच्या नवऱ्याकडे बहुधा एवढाही कागद नसे. म्हणून घराच्या अर्जावर पहिले नाव तिचे आले. ज्या समाजात मालमत्ता पुरुषाच्या नावे असण्याची रीत, तेथे हा बदल कोणत्याही भाषणाविना घडून आला, याची नोंद इतिहासाने घ्यावयास हवी.

कुंभारीच्या घरकुलाची कहाणी येथून सुरू होते. दक्षिण सोलापूर तालुक्यातील कुंभारी हे गाव शहराबाहेर अक्कलकोट रस्त्यावर आहे. तेथे विडी कामगार स्त्रियांच्या सहकारी संस्थेने दहा हजार घरांचा संकल्प सोडला. संस्थेला वारली आदिवासींच्या लढ्यासाठी प्रसिद्ध असलेल्या गोदावरी परुळेकर यांचे नाव देण्यात आले. या कामामागे कामगार नेते व माजी आमदार नरसय्या आडम यांचा दीर्घ पाठपुरावा होता. त्यांच्या राजकीय विचारांशी आपल्यापैकी अनेक व्यापाऱ्यांचे जमले नाही आणि जमणेही शक्य नव्हते. त्यांच्या मोर्च्यांमुळे बाजारपेठेची दारे अनेकदा लवकर ओढावी लागली. परंतु काम ते काम.

या घरकुलाचा आर्थिक आराखडा समजून घेण्यासारखा आहे. एका घराची किंमत ६०,००० रुपये. त्यापैकी २०,००० केंद्राचे अनुदान, २०,००० राज्याचे आणि २०,००० स्वतः कामगार स्त्रीचे. दहा हजार घरांचा एकूण आकडा ६० कोटी होतो आणि त्यातील २० कोटी विड्या वळून आलेले. या शहरात २० कोटींचे भागभांडवल उभे करणारे उद्योगपती बोटावर मोजण्याइतकेच निघतील. केंद्राचा वाटा ज्या कल्याण निधीशी निगडित होता, तो निधीही दर हजार विड्यांवरील उपकरातून जमत असे. म्हणजे दुसऱ्या तृतीयांशातही विडीचाच धूर होता असे म्हटले तरी चालेल. १ सप्टेंबर २००६ रोजी तत्कालीन पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग यांच्या हस्ते ही घरे कामगारांच्या स्वाधीन झाली. पुढे मीनाक्षीताई साने यांच्या नावाने आणखी एक वसाहत झाली.

यानंतरचा टप्पा म्हणजे कुंभारी परिसरातीलच ‘रे नगर’. तीस हजार घरांची ही वसाहत, ८३४ इमारती आणि प्रत्येक इमारतीत ३६ सदनिका. विडी कामगारांबरोबर यंत्रमाग कामगार, बांधकाम मजूर, कचरा वेचणारे अशा असंघटित श्रमिकांनाही यात स्थान मिळाले. ९ जानेवारी २०१९ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते पायाभरणी झाली आणि १९ जानेवारी २०२४ रोजी पहिल्या टप्प्यातील सुमारे पंधरा हजार घरांचे हस्तांतरण झाले. पायाभरणीच्या समारंभात आडम मास्तरांनी पंतप्रधानांची प्रशंसा केली म्हणून त्यांच्या पक्षाने त्यांना तीन महिन्यांसाठी मध्यवर्ती समितीतून निलंबित केले होते. घरासाठी माणसाला काय काय सोसावे लागते!

दोन्ही वसाहतींच्या हिशेबात मात्र एक मूलभूत फरक आहे, तो वाचकांनी लक्षात घ्यावा. कुंभारीत तिघांचे वाटे समान व ठरलेले होते. रे नगरात ठरलेले आहे ते अनुदान. प्रधानमंत्री आवास योजनेत केंद्र दीड लाख देते आणि राज्य एक लाख. उरलेली रक्कम लाभार्थ्याची, मग ती बचतीतून येवो वा बँकेच्या कर्जातून. सिमेंट वाढले, लोखंड वाढले, काम लांबले, तर वाढीचा सगळा भार त्या ‘उरलेल्या’वर पडतो. आमच्या धंद्यात भागीदारीचा करार असा कोणी लिहून आणला तर जुना मुनीमसुद्धा सही करू देणार नाही. त्यातच २०१७ साली वस्तू व सेवा कर लागू होताना विडीवरील उपकर रद्द झाला आणि कल्याण निधीला येणारा तो झराही आटला. अनुदानाच्या रकमेपेक्षा वाट्याचे प्रमाण ठरविणे अधिक न्याय्य, असे माझे स्पष्ट मत आहे.

उत्पन्नाच्या अटीबाबतही दोन शब्द लिहिणे अगत्याचे वाटते. दुर्बल घटकासाठी वार्षिक तीन लाखांची मर्यादा आहे. ती पाहिली जाते अर्जाच्या वेळी. नंतर त्याच घरातील मुलगा अभियंता झाला, मुलगी परिचारिका झाली, तर घर परत घ्यावयाचे काय? काही जाणकार ‘होय’ म्हणतात. ही घरे पुढच्या गरजूसाठी मोकळी व्हावीत, असे त्यांचे म्हणणे. तर्क म्हणून ते बिनचूक आहे. पण गिरणी चाळीचा अनुभव असलेल्या शहराला ते पटणार नाही. चाळीत घर नोकरीला बांधले होते, येथे ते गरिबीला बांधले जाईल. आणि जे छप्पर टिकविण्यासाठी माणसाला गरीब राहावे लागते ते छप्पर कसले? शिवाय ज्या स्त्रीने आपला तिसरा हिस्सा रोख मोजला, ती आश्रित नसून भागीदार आहे. भागीदाराला नफा झाला म्हणून कोणी पेढीवरून उठवीत नाही.

आता अडचण आहे ती वेगळ्याच ठिकाणी. सुमारे तीस चौरस मीटरच्या सदनिकेत माग बसत नाही. घर आणि कारखाना एकत्र असण्याची पूर्व भागातील शतकभराची रीत तेथे संपते. आरोग्याच्या दृष्टीने हे इष्टच झाले, परंतु यंत्रमाग शहरात व बिऱ्हाड कुंभारीला, अशी विभागणी झाल्यावर रोजचे जाणे-येणे मजुरीतूनच भागवावे लागते. विडी वळणारी स्त्री सूप मांडीवर घेऊन बसू शकते, पण तयार विड्या जमा करावयास कारखान्याच्या दारी जावेच लागते. कुंभारीच्या पहिल्या वसाहतीत प्रत्येकीचे दार स्वतंत्र होते. रे नगरात जिना समाईक, पाण्याची टाकी समाईक आणि पंपही समाईक. छत्तीस बिऱ्हाडांची वर्गणी दरमहा गोळा करणे म्हणजे काय, हे आपल्या समाजातील ज्यांनी एखाद्या वाडीचे वा सोसायटीचे चिटणीसपद सांभाळले आहे त्यांना सांगावयास नको. ८३४ इमारतींत असे ८३४ चिटणीस लागतील. त्यांपैकी बहुतेक जणी स्त्रिया असतील, आणि त्यांतील अनेकींनी यापूर्वी हिशेबाची वही धरली आहे ती फक्त विड्यांच्या मोजणीची.